देवापुढे मांडलेले जुने दाखले

गजेंद्र, अजामिळ, अहल्या, द्रौपदी, प्रल्हाद, ध्रुव. मराठीतली कुठलीही प्रार्थना उघडा, यातली दोन-चार नावे भेटतातच. ‘त्याला तारलेस, तिची लाज राखलीस, मग माझ्याच वेळी का थांबलास?’ असा त्यांचा साधारण सूर. शाळेत असताना या नावांखाली तळटीप असायची आणि तळटिपेत कथा. परीक्षेत ‘कवीने कोणते पौराणिक दाखले दिले आहेत?’ असा दोन गुणांचा प्रश्न यायचा. उत्तर लिहिले की विषय संपला. पुढे टीकाकारांनीही या यादीकडे फार लक्ष दिलेले मला दिसले नाही. भावनेचा उमाळा म्हणजे खरे काव्य आणि दाखल्यांची यादी म्हणजे परंपरेने चालत आलेली भरताड, अशी वाटणी करून बहुतेक जण पुढे जातात.

मला ही वाटणी पटत नाही. माझे शिक्षण स्थापत्याचे. इमारत पाहिली की नक्षीच्या आधी भार कुठून कुठे उतरतो ते बघायची सवय जडलेली आहे. त्या सवयीने या प्रार्थना वाचल्या, तेव्हा यादी तीच असली तरी प्रत्येक ठिकाणी ती निराळे काम करते हे दिसले. आणि ते काम कोणते, हे एकाच गोष्टीवरून ठरते: दाखला कोणाला उद्देशून दिला आहे?

मनाच्या श्लोकांपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांना पाठ आहेत. २०५ श्लोकांच्या या रचनेत अर्ध्याच्या पुढे दहाएक श्लोक सलग असे येतात की प्रत्येकात एक जुनी सुटका आणि शेवटी एकच पालुपद: देव भक्ताची उपेक्षा कधी करत नाही. अंबरीष, ध्रुव, गजेंद्र, अजामिळ, प्रल्हाद, अहल्या, द्रौपदी, सगळे त्यात आहेत, मधे मत्स्य-कूर्मादी अवतारही. पण समर्थ हे देवाला सांगत नाहीत, मनाला सांगतात. इथे मागणे काहीच नाही. भ्यालेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून ‘अरे, आजवर कोणाला टाकलंय का त्यानं?’ म्हणावे, तसा हा प्रकार. म्हणून पालुपदही ठाम आहे, प्रश्नार्थक नाही. यादी लांबली तरी कंटाळा येत नाही, कारण धीर देणाऱ्याला तेच ते पुन्हा सांगावे लागते.

आमच्या बेळगावात भजनाला बसले की मराठी अभंगाच्या पाठोपाठ कानडी दासपद सुरू होते, कोणाला त्यात वेगळे काही वाटत नाही. सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांचे एक पद या भागात मराठी घरांतूनही म्हटले जाते. त्याचा मथितार्थ असा: तू कशाला हवास, तुझे उपकार तरी कशाला, तुझ्या नामाचे बळ एवढे पुरे. पुढे तीच यादी. मगरीने ओढले तेव्हा हत्तीला वाचवले ते ‘आदिमूल’ या नामाने, द्रौपदीची लाज राखली ती ‘कृष्ण’ या नामाने, अजामिळाला सोडवले ते ‘नारायण’ या नामाने. म्हणजे दासांनी प्रत्येक सुटकेचे श्रेय देवाच्या खात्यातून काढून नामाच्या खात्यात जमा केले आहे! ऐकणाऱ्याला हसू येते, आणि देवालाही यावे अशी अपेक्षा असणार. पण गंमतीखाली एक व्यवहारी विचार आहे. देव यायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर, नाम मात्र माझ्या जिभेवर. मर्जीवर अवलंबून राहायचे नसेल तर पुरावा असाच फिरवून घ्यायला हवा.

आता याच्या अगदी उलट टोक. करुणाष्टकांतला एक श्लोक मला फार दिवस अडखळवत होता. तिथे समर्थ जुन्या भक्तांची आठवण काढतात, पण कशासाठी? तुझे अगणित भक्त होऊन गेले, त्यांनी साधनेचे केवढे कष्ट उपसले, आणि मी? काहीच केले नाही, नुसता भुईला भार झालो. दाखला इथे फिर्यादीच्या बाजूने उभाच राहत नाही, उलटतपासणीत तो त्याच्याच अंगावर येतो. ‘त्यांना तारलेस म्हणून मलाही तार’ हे वाक्य समर्थ उच्चारत नाहीत, कारण त्यांच्या मते ‘त्यांच्यात’ आणि ‘माझ्यात’ सारखेपणाच नाही. मनाला धीर देताना जी यादी खणखणीत वाजत होती, ती स्वतःवर वेळ आली तेव्हा मुकी झाली. एकाच माणसाच्या हातून या दोन्ही गोष्टी झाल्या आहेत, आणि मला दुसरी जास्त खरी वाटते.

असेच वळण ज्यूंच्या स्तोत्रांत आहे. बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्रात गाणारा म्हणतो की आमच्या पूर्वजांनी तुझ्यावर भरवसा टाकला, तू त्यांना सोडवलेस, ते फजित झाले नाहीत. आणि लगेच, मी तर माणूस नव्हे, किडा आहे. मात्र एक फरक आहे आणि तो लहान नाही. तिथे आठवण ‘आमच्या वाडवडिलांची’ आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक आणि आजचा प्रार्थना करणारा यांचे रक्ताचे नाते आहे, सुटका ही घराण्याची मिळकत आहे. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात त्यांनी नवख्रिस्ती वाचकांना या जुन्या करारातल्या कथा सांगितल्या. म्हणजे दुसऱ्या लोकांचे पूर्वज त्यांना नव्याने आपले म्हणून घ्यावे लागले. आपल्या संतांच्या यादीत पूर्वज कोणीच नाहीत. एक हत्ती, एक शापित बाई, एक वेश्या, एक बहकलेला ब्राह्मण. त्यांच्याशी मागणाऱ्याचे नातेगोते शून्य. मग त्यांच्या सुटकेवरून माझा हक्क कसा सिद्ध होतो?

इथे मला मोडी कागदांची आठवण होते. वतनाच्या तंट्यात वादी काय करतो? जुनी सनद काढतो, भोगवटा दाखवतो, गोताची साक्ष आणतो आणि शेवटी विनंती करतो की पूर्वीपासून जसे चालत आले तसेच पुढे चालवावे. त्याची सगळी भिस्त ‘माझ्या घरात चालत आले’ यावर. शेजारच्या गावच्या पाटलाला इनाम मिळाले म्हणून मलाही द्या, असे म्हणणारा अर्ज कोणताही कारकून बाजूला ठेवील. इनाम ही मेहरबानी आहे. एकावर केली म्हणून दुसऱ्याचा तिच्यावर दावा लागत नाही. करुणेचे तर असेच असते. दावा लागला की ती करुणा राहिली नाही, देणे झाले.

म्हणून दाखल्यांच्या यादीला आतून एक भेग आहे. एकट्या दाखल्यांवर भार टाकला तर मागणे कोसळते. भार खरा उतरतो तो दुसऱ्याच खांबावर, आणि त्या खांबाचे नाव ‘ब्रीद’.

ब्रीद म्हणजे बिरुद. कानडीत अजून ‘बिरुदु’ म्हणतात. आमच्या भागातले रट्टांचे किंवा गोव्याच्या कदंबांचे शिलालेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक आहे की राजाचे नाव येण्याआधी बिरुदांची लांबलचक माळ येते. रट्ट स्वतःला लत्तलूर पुराचे अधीश्वर म्हणवतात, कदंब बनवासीचे. नवख्या अभ्यासकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, तो सन-शकाकडे धावतो. पण बिरुद ही जाहीर घोषणा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘शरणागतवज्रपंजर’ असे एक बिरुद भेटते: शरण आलेल्याभोवती वज्राचा पिंजरा होऊन उभा राहणारा. असे नाव जो चारचौघांत लावतो, त्याच्या दारात शरणागत आला आणि त्याने पाठ फिरवली तर नाव कोणाचे जाईल? येणाऱ्याचे नक्कीच नाही. हेच वज्रपंजर रामरक्षेतही आहे, आणि ते आपण रोज संध्याकाळी विचार न करता म्हणून टाकतो. राजाच्या ताम्रपटातला शब्द देवाच्या स्तोत्रात, किंवा उलट. कोण आधी, याचा वाद मला इथे घालायचा नाही. दोन्हीकडे यंत्रणा एकच आहे, एवढेच सांगायचे आहे.

ब्रीद आले की दाखल्याचा अर्थ बदलतो. ‘गजेंद्राला सोडवलेस’ हे आता मेहरबानीचे उदाहरण राहत नाही. नुसते मिरवण्यापुरते बिरुद लावलेले नाही, त्याप्रमाणे वागणूकही आहे, याचा तो पुरावा होतो. म्हणजे भोगवटा लागतो तो भक्ताचा नव्हे, देवाचा! पतितपावन हे पद देव इतकी युगे भोगतो आहे, मग त्या पदाचे काम त्याने करावे. मागणारा जितका नालायक, तितका त्याचा दावा पक्का, कारण पतितपावनाला पतितच लागतो.

हे नामदेवांना सर्वांत लख्ख समजले होते. त्यांच्या नावावरचा एक अभंग प्रसिद्ध आहे, भजनीमंडळे तो फार गोड चालीत म्हणतात आणि त्या गोडीत त्याची धार हरवते. आशय सांगतो: पतितपावन हे तुझे नाव ऐकून दारी आलो, तसा तू नाहीस हे कळले म्हणून परत चाललो. आधी घेतोस मग देतोस, अशा कृपणाचे दार कशाला अडवून बसू? आता ते ब्रीद सोडून दे, तुला हे नाव ठेवले तरी कोणी! यात एकही दाखला नाही हे लक्षात घ्या. गजेंद्र नाही, अजामिळ नाही. नामदेवांनी खांब ओळखला आणि थेट त्यालाच हात घातला. मागे फिरण्याची धमकी दिल्यावर शेवटी ते मागतात काय? मोक्ष वगैरे काही नको, कीर्तनात प्रेम असू दे. एवढ्या मोठ्या भांडणाचा एवढासा तोडगा, आणि तो मनाला लागतो.

यादी वापरायची वेळ आली तेव्हाही नामदेवांनी ती मोकाट सोडलेली नाही. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यातल्या गौडी रागातल्या पदात गणिका, कुब्जा, अजामिळ, विदुर, सुदामा, उग्रसेन अशी नावे येतात. पण सुरुवातच अशी की तू दगड तारलेस, मग राम म्हणणारी माणसे कशी तरणार नाहीत? याला शास्त्रात कैमुतिक न्याय म्हणतात. दगडाने नाम घेतले नाही, त्याने पश्चात्ताप केला नाही, त्याची कसलीही पात्रता नव्हती. पात्रतेची अटच त्यामुळे उडाली. समर्थांना करुणाष्टकात अडवणारा ‘मी त्यांच्यासारखा नाही’ हा आक्षेप नामदेवांनी पहिल्याच ओळीत निकालात काढला आहे. पंढरपुराहून पंजाबात पोचलेल्या या पदाकडे आपण मराठी माणसांनी अभिमानाने बोट दाखवतो, ते सोडून ते एकदा नीट वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मोरोपंत. खरे तर या लेखाला कारण तेच.

मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) जन्मले पन्हाळ्यावर, आयुष्य गेले बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला पुराण सांगण्यात. एकशे आठ रामायणे आणि आर्याभारत यांच्या ओझ्याखाली ते दबले गेले आहेत. शब्दांचा कसरतपटू असा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. केकावली ही त्यांची उतारवयातली रचना. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर म्हणजे अर्थातच मोरो. सव्वाशेच्या आतले श्लोक, जवळजवळ सगळे पृथ्वी वृत्तात. पृथ्वी हे सतरा अक्षरांचे वृत्त, आठव्या अक्षरावर थांबा. ते गळा काढायला सोयीचे नाही. त्याची चाल ठेक्याची, समजावून सांगणाऱ्याची. करुणाष्टकांतले मालिनी कसे मधेच कंठ दाटल्यासारखे वळते, तसे इथे होत नाही. टाहो म्हणून नाव दिले आणि वृत्त निवडले युक्तिवादाचे! काही समीक्षकांना यात विसंगती दिसते. मला यातच रचनेची किल्ली दिसते.

केकावली हा पद्यातला अर्ज आहे. त्यात जुन्या सुटका आहेत, पण त्या नुसत्या मोजलेल्या नाहीत. त्यांच्यावर कोटिक्रम चालतो, शंका निघते, तिचे निरसन होते, पुन्हा देवाच्याच गुणांवरून त्याला पेचात धरले जाते. मोरोपंत दुसऱ्याच्या आश्रयावर जगलेले गृहस्थ होते, हे वाचताना विसरू नये. मोठ्या माणसाच्या ओसरीवर मागणे कसे मांडतात, आधी काय म्हणायचे, कोणता शब्द हातचा राखायचा, थोराच्या थोरवीलाच त्याच्याविरुद्ध कसे उभे करायचे, हे त्यांनी पोटासाठी शिकलेले होते. आयुष्यभर माणसांपुढे वापरलेले ते कसब त्यांनी शेवटी देवापुढे ठेवले. यात मला लाचारी दिसत नाही. आपल्याला जे उत्तम येते ते अर्पण करावे, हीच भक्तीची रीत.

दोष मात्र आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. युक्तिवाद काही जागी इतका बिनतोड होतो की मागणारा भ्यालेला आहे यावरचा आपला विश्वास उडतो. बुडणारा माणूस एवढे शब्द जुळवत नाही. वीस-पंचवीस केका सलग वाचल्या की आपण वकिलाचे भाषण ऐकतो आहोत असे वाटू लागते, आणि अशिलाचे काय होणार ही धाकधूक मागे पडते. नामदेवांच्या सहा-सात ओळींत ती धाकधूक शेवटपर्यंत टिकते.

पण मोरोपंतांनाही हे कुठेतरी उमगले असावे. कारण केकावलीतल्या ज्या जागा लोकांच्या ओठांवर राहिल्या त्या दाखल्यांच्या नाहीत. एका केकेत ते म्हणतात की बाप विटला तरी आई कुपुत्राला विटत नाही, म्हणूनच तिचे ऋण फिटत नाही. दुसऱ्या एकीत दयेच्या मेघाला मोराकडे वळण्याची विनवणी आहे आणि लगोलग रडणाऱ्या पोराला कडेवर घेणारी आई. इथे सनद, भोगवटा, बिरुद सगळे गळून पडते. आईपुढे कोणी मागच्या पोरांचे दाखले देत नाही. या जागा चांगल्या का, तर त्यांच्या आधी एवढा मोठा दावा लढवला गेला आहे म्हणून. नुसत्या सुट्या काढून सुभाषितांच्या वहीत उतरवल्या की त्या गुळगुळीत होतात. आपल्याकडे नेमके तेच झाले आहे.

केकावलीवरची ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका १८६५ मध्ये आली, लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर. परमहंस सभेच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता, जातिभेद आणि मूर्तिपूजा ज्यांना मान्य नव्हती, तेच हे व्याकरणकार दादोबा. अशा माणसाने हत्ती-मगरीच्या कथांनी भरलेल्या स्तोत्रावर एवढे कष्ट घ्यावेत हे मला सूचक वाटते. कथा घडली यावरचा विश्वास ढळला तरी तिच्या आधाराने केलेले मागणे उभे राहते का? हा प्रश्न त्या पिढीपुढे होता, आणि तो आपल्यापुढेही आहे. इतिहासाचा नाद लागलेल्या माणसाला तर तो चुकवताच येत नाही. द्रौपदीचेच घ्या. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतले सभापर्व १९४४ मध्ये फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग मुख्य संहितेत ठेवलेला नाही, तो तळटिपांत गेला आहे. हस्तलिखितांच्या कसोटीला तो उतरला नाही. म्हणजे ज्या सुटकेचा दाखला शेकडो वर्षे देवापुढे ठेवला गेला, तिची ‘अस्सल’ नोंदच नाही. वतनाच्या दाव्यात एवढ्यावर निकाल विरुद्ध गेला असता. पण इथे दावा दाखल्यावर टेकलेला नव्हताच. तो ब्रिदावर टेकला होता. धाव्याचा तो भाग ज्याने कोणी पोथीत घातला, त्यालाही कृष्ण बोलावल्याशिवाय राहिला असेल हे पटले नसावे.

अजामिळाच्या कथेचा वापरही आपण अर्धवट करतो. ‘मुलाला हाक मारली आणि वैकुंठ मिळाले’ एवढेच सांगतो. भागवताच्या सहाव्या स्कंधात ते प्रकरण चक्क खटल्यासारखे चालते. यमदूत आपली बाजू मांडतात, धर्माचा आधार देतात, त्याच्या पापांचा पाढा वाचतात. विष्णुदूत उत्तर देतात. यमदूत हरून यमाकडे जातात आणि विचारतात, जगात शासन करणारे आहेत तरी किती? बाजू दोन्ही भक्कम आहेत. म्हणून पुढच्या माणसाने अजामिळाचे नाव घेतले की तो लढवून मिळवलेल्या निकालाचे नाव घेत असतो. हे ध्यानात घेऊन तुकोबांचे किंवा मोरोपंतांचे अजामिळाचे उल्लेख वाचावेत, चव बदलते.

राहिला गजेंद्र, यादीतला पहिला मानकरी. त्याने स्वतः प्रार्थना केली तेव्हा काय म्हटले? भागवताच्या आठव्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात ते सगळे स्तोत्र आहे. मागच्या जन्मी शिकलेला जप त्याला आठवला, असे तिथे सांगितले आहे. त्यात कोणाच्याही सुटकेचे नाव नाही. माझ्यासारख्या शरण आलेल्या पशूचे पाश सोडवणारा, असे एक विशेषण तेवढे आहे. म्हणजे ब्रीद आहे, दाखला नाही. देवाचेही ठरावीक नाव त्याने घेतले नाही, म्हणून ब्रह्मादिक देव आले नाहीत, असे भागवतकार सांगतात. हरी येताना दिसला तेव्हा त्याने सोंडेत एक कमळ धरून वर उचलले, आणि मोठ्या कष्टाने, पहिल्यांदाच, ‘नारायण’ म्हटले.